साडूच्या जीपचं तोरण

शिमगा होऊन आठवडा झाला असेल. त्या रविवारी मी बायकोच्या झेंडूच्या वाफ्याला आग लावली.

मुद्दाम नाही लावली. मुद्दाम लावली असती तर निदान काही विचार करून लावली असती. आमच्याकडे सापगावच्या बाजूला होळी विझली की माणसांना राब भाजायचे वेध लागतात. पावसाळ्याच्या तोंडाला भाताची रोपं जिथं टाकायची, तो तुकडा उन्हाळ्यातच भाजून ठेवायचा. शेण पसरायचं, त्यावर पालापाचोळा, वर पेंढा, आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन काडी ओढायची. तणाचं बी जळतं, राख मातीत मुरते आणि रोप असं तरारून येतं की बघत राहावं. हे सगळं मला लहानपणापासून माहीत आहे. माहीत असणं आणि करता येणं यांत जे अंतर आहे, त्यात माझी सगळी नोकरी गेली. आमची शेती शेजारी राहणारा माझा चुलत भाऊ बघतो आणि मी आसनगावहून कल्याणला कचेरीत जातो. घरची शेती आहे असं मी कचेरीत सांगतो, आणि मला कचेरी असते असं शेतात.

आदल्या दिवशी भाऊ म्हणाला होता की उद्या राब भाजायचाय, घरी असलास तर ये. सकाळी त्याला अचानक कुणाच्या तरी दहाव्याला जावं लागलं. मी म्हटलं, चला, तो येईपर्यंत आपणच भाजून टाकू, आल्यावर बघत राहील. मागच्या परसात गेलो तर एक तुकडा पेंढ्यानं व्यवस्थित झाकलेला. कडेनं माती ओढलेली, मधे शेणाचा चुरा. किती निगुतीनं रचलाय म्हणून मी मनातल्या मनात भावाचं कौतुकही केलं. तुकडा जरा लहान वाटला, पण म्हटलं यंदा भात कमी लावत असेल.

काडी लावली, पेटेना. पेंढा खालून ओला होता. राब ओला कसा, हा प्रश्न शेतकऱ्याच्या पोराला पडायला हवा होता. मला पडला तो असा की सागाचा वाळका पाला कुठे मिळेल. मग दोन पाट्या पाला आणून वर टाकला, वाळल्या फांद्या टाकल्या, आणि मग मात्र धडाडून पेटला. मी हातात हिरवी डहाळी घेऊन, धूर डोळ्यांत घेत, वाडवडिलांना शोभेल असा उभा राहिलो.

बायको शहापूरच्या बाजारातून आली ती पिशवी हातातच घेऊन मागे आली.

"काय करताय?"

"राब भाजतोय."

"कोनाचा?"

"आपला."

तिनं पिशवी खाली ठेवली. आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर बरं झालं असतं.

"आपला राब बांधाच्या पल्याड हाय," ती म्हणाली.

त्या वाफ्यात काय होतं ते आता सांगायला हवं. बायकोचं माहेर टोकावड्याचं. तिच्या भावाच्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. त्या घरात अशी रीत पडून गेली आहे की हळदीच्या मांडवाला बांधायची झेंडूची तोरणं आत्याच्या अंगणातली असावीत. बाजारातली फुलं चालत नाहीत असं नाही, पण मग आत्या काय कामाची, असं म्हातारी माणसं विचारतात. आत्या दोन आहेत. थोरली, म्हणजे बायकोची ताई, मुरबाडला दिलेली, आणि धाकटी ही. आजवर त्या घरात जितकी लग्नं झाली, तितक्या वेळा फुलं मुरबाडहून आली आणि आमच्या हिनं दोरा तोडून दिला. ते तिनं कधी बोलून दाखवलं नाही. पण या खेपेला भाचीनं स्वतः फोन करून सांगितलं होतं, "आत्या, माझ्या मांडवाला तुज्याकडची फुलं हवीत गो." त्या दिवशी बायकोनं फोन ठेवल्यावर परसातला तो तुकडा दोनदा झाडून काढला होता.

बी तिचं घरचं होतं. सासूबाईंच्या परसात एक झेंडू असायचा, मोठा गोंडेदार, हळदीसारखा पिवळा आणि पाकळीच्या बुडाशी तांबूस डाग. त्याचं बी दोघी बहिणींनी लग्नात नेलं आणि आपापल्या दारात जपलं. बायकोनं होळीनंतर सगळंच्या सगळं बी पेरलं आणि उन्हानं वाळू नये म्हणून वर पेंढा पसरला. रोज दोन वेळा, भांडी विसळलेल्या पाण्यातून का होईना, शिंपत होती. आणि मी ते भाजलं.

दुकानातून बी आणतो असं मी त्याच संध्याकाळी म्हणालो. ती म्हणाली, दुकानातलंच बी लावायचं तर दुकानातलीच फुलं न्यावीत, उगाच मातीला कशाला त्रास. मग तिनं ताईला फोन लावला, आणि तो फोन लावताना तिचं तोंड बघवत नव्हतं. ताई बिचारी चांगली आहे. म्हणाली, रडू नको, बी पाठवते. पण ताईला सांगितलेली गोष्ट ताईच्या नवऱ्याला कळते. म्हणजे माझ्या साडूला.

साडूबद्दल मी वाईट लिहिणार आहे, तेव्हा आधी चांगलं सांगून टाकतो. माणूस उंचापुरा आहे. संपलं.

हा माणूस गेली वीसेक वर्षं मला 'लोकलवाले' म्हणतो. सासरी पंगत बसली की कोंबडीची तंगडी आपोआप त्याच्या ताटात जाते आणि माझ्या ताटात मान. रस्सा वाढणाऱ्याची चूक म्हणावी तर वाढणारे दरवर्षी बदलतात. त्याच्या जुन्या जीपमधून कुठं जायचं झालं की पुढं तो, शेजारी त्याची पिशवी, आणि मागं कांद्याच्या गोणीवर मी. शेतीतलं, लग्नातलं, औषधातलं, सगळं त्याला कळतं. ज्यातलं कळत नाही त्यावर तो हसतो. हे सगळं मी आजवर मनात साठवून ठेवलं होतं. माणसं मुदत ठेव ठेवतात तसं.

त्यानं काय केलं, तर माझी गोष्ट मुरबाडभर केली. मुरबाडचं एक वेळ ठीक. पण पुढच्याच आठवड्यात मी आसनगावला स्टेशनाबाहेर रिक्षा बघत होतो, तर ओळखपाळख नसलेला एक माणूस माझ्याकडे निरखून बघायला लागला. म्हणाला, "सापगावचे ना तुमी? झेंडू भाजलेले?"

पाडव्याच्या आधी साडू स्वतः आला. शहापूरला त्याचं काहीतरी काम होतं, ताई सोबत नव्हती. चहा घेण्याआधी तो परसात गेला आणि हात पाठीमागं बांधून त्या काळ्या तुकड्यासमोर बराच वेळ उभा राहिला, एखाद्याच्या समाधीसमोर उभं राहावं तसा. मग खिशातून कागदाची पुडी काढली, बायकोच्या देखत माझ्या हातावर ठेवली आणि वर माझी मूठ मिटून दिली.

"पाव्हनं," तो म्हणाला, "हे बी पेरायचं असतं हां. भाजायचं नसतं."

शेजारी भाऊ उभा होता, तो हसला. भावाची बायको हसली. मला सगळ्यात लागलं ते हे की आमची हीसुद्धा हसली. अगदी थोडी, ओठाच्या कडेला, पण हसली.

साडूची जीप वळणापलीकडे गेली की मी ती पुडी उकिरड्यावर भिरकावली. पुडी हवेतच सुटली, बी शेणात विखुरलं. बायको बघत होती. तिनं विचारलं, आता मांडवाला काय माझं डोकं बांधायचं का. मी म्हणालो की मांडवाला फुलं होतील, आपल्या दारची होतील, आणि त्याच्या उपकाराची नसतील. हे वाक्य फार दणकट वाटलं मला. पण ते कसं खरं करायचं याचा मला काडीचा अंदाज नव्हता.

सूड घ्यायचा ठरवल्यावर माणसाला किती उत्साह येतो ते तोवर मला माहीत नव्हतं. मी गाडीत बसून कल्याणपर्यंत त्याच्याशी मनातल्या मनात भांडत जायचो. येताना पुन्हा तेच भांडण, पण सुधारून. कचेरीत एकानं काही विचारलं तर मी म्हटलं, "तंगडी तुझ्याच ताटात का?" तो चपापून निघून गेला.

संधी पाडव्यानंतर आली. लग्नाची बोलणी, याद्या, कोण काय करणार ते ठरवायला आम्ही दोघं स्कूटरवरून टोकावड्याला गेलो. मेहुण्यानं फुलांचं विचारलं तेव्हा बायको फक्त "होतील" म्हणाली आणि विषय बदलला. परत येताना तिला मुरबाडला ताईकडे थांबायचं होतं. चहा झाला, बहिणी आत साड्या बघायला गेल्या, साडू मागे गुरांना पाणी दाखवत होता. मी ओसरीवर एकटा. समोर पत्र्याच्या शेडमध्ये जीप, आणि जीपच्या पुढच्या गार्डावर दसऱ्याचं झेंडूचं तोरण.

दसऱ्याला आमच्याकडे औजारं, गाड्या, दारं, सगळ्यांना झेंडू बांधतात आणि बरेच जण ते वाळेपर्यंत ठेवतात. साडूचा मात्र नेम असा की तोरण पुढच्या दसऱ्यापर्यंत सोडायचं नाही. सोडलं तर गाडी दगा देते म्हणे. जीप वर्षातून फार तर पंधरावीस वेळा शेडबाहेर पडते, तेव्हा तोरण शाबूत होतं. करडं, धुळीचं, उंदरानं मागे टाकल्यासारखं. पण मी जवळ गेलो, एक फूल चिमटीत धरलं, तर आत बियांच्या काळ्यापांढऱ्या काड्या गच्च भरलेल्या. ताईच्या परसातला गोंडा. सासूबाईंचा गोंडा.

दिलेलं बी मी उकिरड्यावर टाकलं होतं आणि त्याच घरचं बी आता चोरत होतो. यात काही विसंगती आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. आताही फारसं वाटत नाही. दिलेलं घेतलं असतं तर तो जिंकला असता. चोरलेलं घेतलं तर त्याच्याच झेंडूनं त्याला हरवता येणार होतं, आणि वर त्याची गाडी दगा देण्याची थोडी आशा होतीच.

स्कूटरच्या किल्लीनं दोरा कापला. तोरण लपवायला डिकी उघडावी तर किल्ली अडकली, आणि तेवढ्यात आतून बायकांचे आवाज जवळ यायला लागले. हातात हेल्मेट होतं. तोरण त्यात कोंबलं. ताई आणि साडू दोघंही आम्हाला पोचवायला अंगणात आली. ताई म्हणाली, हेल्मेट घाला हो, हल्ली पकडतात. आता काय करता. घातलं.

मुरबाड सुटेपर्यंत मी तोरण डोक्यावर घेऊन गाडी चालवली. वाळका झेंडू कानात टोचतो, मानेत उतरतो, आणि त्यात जे किडे राहत असतात ते अजून राहतच होते. गाव मागे पडल्यावर एका आंब्याखाली स्कूटर उभी केली आणि हेल्मेट काढलं. माझ्या टकलावर काय काय होतं ते मला दिसलं नाही, पण बायकोला दिसलं. ती रस्त्याच्या कडेला खाली बसली आणि पदर तोंडात धरून हसत राहिली. राब भाजल्यापासून पहिल्यांदा. मग उठली, माझ्या डोक्यावरची एक काडी उचलली, तळहातावर चोळून फुंकर मारली.

"चांगलं पोसलंय," ती म्हणाली. "सगळं काढा. कानातलं पन."

तिनं विचारलं नाही की हे कुठून आणलं. ते कळण्यासारखंच होतं. तिनं मला चोर म्हटलं नाही, आणि नेऊन दे असंही म्हटलं नाही. तेव्हा मला कळलं की त्या दिवशी साडू पुडी देताना ती हसली होती खरी, पण त्याचं ते बोलणंही तिनं कुठंतरी साठवून ठेवलेलं होतं.

पेरलं त्याच भाजलेल्या तुकड्यात. दुसरीकडे जागा नव्हती असं नाही, पण बायकोनं राख उकरून बघितली आणि म्हणाली की इथंच टाकू, भाताचं रोप जिथं धरतं तिथं झेंडूचं नाय धरनार का. या खेपेला वाफ्याभोवती चार काठ्या रोवून तिनं लाल चिंधी बांधली. भाऊ म्हणाला, ही चिंधी कशाला? त्याची बायको म्हणाली, भाजणाऱ्या गड्याला कळायला. माझ्याकडे बघून म्हणाली. मी ऐकून घेतलं. मला त्या दोघांवर सूड उगवायचा नव्हता, माझी सगळी शक्ती एकाच माणसासाठी राखून ठेवलेली होती.

पुढचं मी बढाईनं सांगतोय असं वाटेल, पण रोप जे आलं ते बघण्यासारखं होतं. तणाचं एक पातं नाही. दांडा जाड, पान काळपट हिरवं. भाऊ कधी झेंडूकडे वळूनही बघत नाही, तो रोज सकाळी दात घासत त्या वाफ्याशी उभा राहायला लागला. रोपं चार बोटं झाल्यावर बायकोनं ती भातासारखीच उपटून, मूठ मूठ करून, परसाच्या कडेनं ओळीत लावली. मी दोरी धरली. एक ओळ वाकडी आली, ती माझी.

पाण्याचे हाल होते. चैत्र संपला की आमच्या विहिरीत बादली तळाला खरखरते. मी अंघोळ वाफ्याच्या कडेला, दगडावर बसून करायला लागलो, म्हणजे पाणी ओघळून ओळीत जावं. साबण लावायचा नाही अशी अट होती. सकाळी गाडीत शेजारी बसणाऱ्यांनी ती अट ओळखली असावी. मला पर्वा नव्हती. रोपाला पाणी घालताना मी रोज एक तंगडी आठवायचो. आठवायला पुष्कळ होत्या, त्यामुळे एकाही दिवशी पाणी चुकलं नाही.

मधे एक गोष्ट झाली, ती मी तेव्हा सोडून दिली. उकिरड्यावरही झेंडू आला. फेकलेल्या पुडीचा. पण त्याला फुलं आली ती शर्टाच्या बटणाएवढी, तांबडी, एकेरी पाकळीची. कुंपणाला लावतात ती मखमल. बायको त्याच्याकडे बघत थोडा वेळ उभी राहिली. मी म्हटलं, पूजेच्या निर्माल्यातून आलं असेल. तिनं एक बटण खुडून बघितलं आणि आत गेली.

आणि आमचे गोंडे वैशाखात फुलले. लहान मुलाच्या मुठीएवढे म्हणतात ना, तसे नाही. मोठ्या माणसाच्या मुठीएवढे. हळदीच्या दिवशी पहाटे दोघांनी मिळून तोडले, ओल्या साडीत बांधले, आणि भावाच्या टेम्पोतून टोकावड्याला नेले. दोन तोरणं करूनही एक लहान माळ उरली. ती बायकोनं माझ्या स्कूटरच्या हँडलला बांधली. मी मात्र स्कूटर घेऊन गेलो. टेम्पोच्या मागच्या बाजूला बसून जायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

दुपारी मांडवात माळा बांधायचं काम चाललं होतं. भाची धावत आली, एक गोंडा दोन्ही हातांत धरला आणि आत्याच्या गळ्यात पडली. बायको शिडीजवळ उभी राहून कुठली माळ कुठं ते सांगत होती. दोरा आज ताई तोडून देत होती, आणि कौतुकानं देत होती, ते मला मान्य करायला हवं. मी खांबाला टेकून फक्त एकाच माणसाची वाट बघत होतो.

साडू आला. वर बघितलं. एक फूल ओढून जवळ घेतलं, पाकळी उलटून बुडाचा तांबूस डाग बघितला. त्याचा चेहरा मी आजही हवा तेव्हा डोळ्यांपुढं आणू शकतो आणि आणतो.

"हा गोंडा आमच्याकडचा हाय," तो मोठ्यानं म्हणाला. चार माणसं वळली. "यांचं बी तर जळालेलं. सगळ्यांना ठाव हाय."

आता विचारणार, मग कुठून आणलंत. काय सांगणार होतो मी? हेल्मेटमधून? पण माझ्या आधी ताई बोलली. हातातला दोरा न सोडता, अगदी सहज.

"अवो, मग तुमीच तर नेऊन दिलंत ना बी? मी पुडी बांधून दिलेली. गोंड्याचंच."

"ते नाय," साडू म्हणाला. "मी दिलं ते मखमलीचं हुतं, ह्याची फुलं कशी..."

आणि थांबला.

मंडपवाल्यानं हातोडी खाली ठेवून मान वळवली. ताईनं दोरा खाली ठेवला.

"मखमलीचं?" ती म्हणाली. "मी दिली ती पुडी कुठं गेली?"

मला तेव्हा उकिरड्यावरची ती तांबडी बटणं आठवली. मी बायकोकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ती शिडीवरच्या पोराला सांगत होती की डावीकडे थोडं वर घे. तिला ते उकिरड्यावरच कळलेलं होतं.

पुडी बदलली का, कशासाठी बदलली, ते साडूनं सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. धाकट्या आत्याच्या तोरणांत बटणं लोंबावीत आणि सगळ्यांनी मुरबाडच्या गोंड्यांची आठवण काढावी, यात न कळण्यासारखं काय आहे. तो ओशाळा होऊन पाण्याच्या पिंपाकडे गेला. ताई त्याच्या मागोमाग गेली. पिंपामागून काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, पण ते बराच वेळ झालं आणि एकाच माणसाच्या आवाजात झालं. मी एक शब्दही बोललो नव्हतो. वीस वर्षं मनात तयार केलेली सगळी वाक्यं तशीच कोरी राहिली, आणि तरीही मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. सूड गोड असतो असं म्हणणं चांगलं नाही. पण त्या दिवशीची बुंदी मी तीनदा मागून घेतली.

जेवताना साडू माझ्या शेजारी येऊन बसला. पानावर बोट फिरवत राहिला. मग हळूच विचारलं, "पाव्हनं, एक सांगा. बी आमचं, जीपवरचं तोरण कुठं गेलं ते आता इचारत नाय. पन आमच्याकडं ह्याच्या निम्मं फूल येतं. तुमी खत कंचं घातलंत?"

उत्तर त्याच्याच तोंडात होतं. शिमग्यापासून त्यानं ते मुरबाडच्या प्रत्येक माणसाला हसून हसून सांगितलं होतं, आसनगावच्या स्टेशनापर्यंत पोचवलं होतं. फक्त स्वतः ऐकलं नव्हतं.

"काय नाय," मी म्हणालो. "जमीनच बरी हाय आमची."

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, भाची सासरी गेली, आणि ऊन उतरल्यावर आम्ही निघायला म्हणून स्कूटरपाशी आलो. हँडलला माळ नव्हती. एका बाजूला नुसता दोरा लोंबत होता, आणि तो तुटलेला नव्हता. कापलेला होता, किल्लीनं कापतात तसा, खरबडून. अंगणाच्या टोकाला साडूची जीप घाईनं वळत होती. पुढच्या गार्डावर काही बांधलेलं नव्हतं. पण त्याची पिशवी नेहमीच्या जागी, पुढच्या सीटवर नव्हती. ताईच्या मांडीवर होती, फुगलेली, आणि साडूनं जाताना माझ्याकडे बघितलं नाही.

माझं डोकं तापलं. बी घेऊन गेला. आता पुढच्या वर्षी हाच गोंडा मुरबाडला, त्याच्या दारात, आणि तो सगळ्यांना सांगणार. मी स्कूटर सुरू केली ती जीपला गाठायच्या बेतानंच. बायको मागे बसली, पदर खोचला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. टोकावड्याचा फाटा गेला, जीप दिसेनाशी झाली. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाली,

"हळू चालवा. नेऊ दे त्यांना बी. राब भाजाया मानूस कुठून आनतील?"